नकाशावरचं आरमार : वाचकांचे प्रश्न, आमची उत्तरं

या वेळची बहुतेक पत्रं एकाच खेळाबद्दल आहेत, म्हणून सदराची सगळी जागा त्यालाच दिली आहे. ‘कमांड : मॉडर्न ऑपरेशन्स’ हा संगणकावरचा युद्धखेळ नोव्हेंबर २०१९मध्ये आला. दिसायला रूक्ष. जगाचा नकाशा, त्यावर निळी-तांबडी चिन्हं आणि कडेला आकड्यांनी भरलेला रकाना. धूर नाही, आगीचे लोळ नाहीत. पण १९४६पासून आजपर्यंतची विमानं, जहाजं, पाणबुड्या, रडार आणि क्षेपणास्त्रं आपापल्या टप्प्यांसह आणि वेगांसह त्यात भरलेली आहेत. खेळणारा हुकूम देतो आणि खेळ तो हुकूम शब्दशः पाळतो. आलेल्या बहुतेक तक्रारींचं मूळ या ‘शब्दशः’मध्येच आहे.

प्रश्न : मिशन तयार केलं, विमानं नेमून दिली, घड्याळ सुरू केलं, पण तळावरून एकही विमान उडत नाही. खेळात दोष आहे का? (ठाणे)

उत्तर : दोष क्वचितच असतो. आधी एफ ६ दाबून हवाई तळाची खिडकी उघडा आणि प्रत्येक विमानापुढची ‘तयार व्हायला उरलेली वेळ’ पाहा. नवखे खेळाडू सुरुवातीलाच शस्त्रसज्जा बदलतात आणि इथंच फसतात. बॉम्ब उतरवून क्षेपणास्त्रं लावायला सांगितलं की तयारीचं घड्याळ पहिल्यापासून सुरू होतं. बऱ्याच लढाऊ विमानांना ही तयारी ६ तासांची असते, जड बॉम्बफेक्यांना त्याहून कितीतरी जास्त. खेळाचा प्रसंगच (म्हणजे रचून दिलेली लढाई, सिनॅरिओ) ८ तासांचा असेल, तर ते विमान तुम्ही जवळजवळ गमावलंच. सज्जा बदलण्याआधी प्रसंग लिहिणाऱ्याने ती तशी का ठेवली असेल, याचा विचार करा.

वेळ शून्य असूनही विमान हलत नसेल तर सज्जा आणि मिशन यांचा मेळ तपासा. फक्त हवाई लढतीची क्षेपणास्त्रं घेतलेलं विमान हल्ल्याच्या मिशनमध्ये मुख्य मारा करायला निघणार नाही. त्याला सोबतीचं, म्हणजे एस्कॉर्टचं काम द्यावं लागतं. मग गटाचा आकार पाहा. गट ४ विमानांचा ठरवला असेल, ‘गट पुरा नसेल तर उड्डाण नाही’ या चौकटीत खूण असेल आणि शिल्लक विमानं ३ असतील, तर ती तिन्ही तिथंच बसून राहतात. गट २चा करा किंवा खूण काढा.

हल्ल्याच्या मिशनची आणखी एक खोड आहे. लक्ष्यांच्या यादीत काही घातलंच नसेल, किंवा लक्ष्य ‘शत्रू’ म्हणून निश्चित झालेलं नसेल, तर विमानं वाट पाहत राहतात. लक्ष्य त्या सज्जेच्या पल्ल्याबाहेर असलं तरी तेच होतं. शस्त्रसज्जेच्या नावापुढे पल्ला लिहिलेला असतो. तो वाचून नकाशावर अंतर मोजा. मोजमाप सागरी मैलांत असतं, १ सागरी मैल म्हणजे १.८५२ किलोमीटर. किलोमीटर समजून हिशेब केला की पल्ला असतो त्याच्या निम्म्याच्या आसपास वाटतो.

प्रश्न : माझ्याकडे विमानवाहू जहाजावर १२ मिग-२९के आहेत, तरी गस्तीवर एका वेळी फक्त ४ जातात आणि थोड्या वेळाने तीही कमी होतात. सगळी १२ वर का ठेवता येत नाहीत? (पणजी)

उत्तर : ठेवता येतात, पण एकदाच. गस्तीच्या मिशनमध्ये ‘एक-तृतीयांश नियम’ मुळातच चालू असतो. तिसरा हिस्सा जागेवर, बाकीची वाटेत किंवा डागडुजीत. खूण काढली तर बाराही उडतील, दोनेक तासांनी बाराही एकदमच परत येतील आणि पुढचे ६ तास तुमच्या डोक्यावर काहीच नसेल. शत्रू नेमकी तीच वेळ साधू शकतो.

हिशेब कागदावर करा. उड्डाण २ तासांचं, तयारी ६ तासांची, म्हणजे एका विमानाचं चक्र ८ तासांचं. दिवसाला ३ उड्डाणं. १२ विमानांची ३६ उड्डाणं झाली. जाण्यायेण्यात अर्धा तास गेला तर प्रत्येक उड्डाणात दीड तास प्रत्यक्ष गस्त, म्हणजे एकूण ५४ विमान-तास. त्याला २४ने भागलं की सव्वादोन. म्हणजे १२ विमानांवर दिवसरात्र टिकणारी गस्त एका जोडीची. चारची गस्त तुम्हाला दिसते ती सुरुवातीला सगळी विमानं तयार असतात म्हणून. ती उसनी आहे, लवकरच फेडावी लागते. विमानं गस्तीच्या जागेजवळ ठेवली किंवा इंधन भरणारं विमान दिलं, तर जागेवरची वेळ वाढते आणि आकडा सुधारतो. विमानवाहू जहाज शत्रूकडे पुढे नेलं तरी वाढतो, फक्त मग संरक्षण कोण कोणाचं करतंय हा प्रश्न उरतो.

विमान कुठल्या उंचीवर उडतं याकडेही लक्ष असू द्या. एफ २ने वेग-उंची बदलताना अनेक जण गुपचूप जायचं म्हणून समुद्रसपाटीलगत धावतात. खाली जेट इंजिन इंधन पिऊन टाकतं. आफ्टरबर्नर (जास्तीचं इंधन जाळून वेग वाढवणारी सोय) लावला तर विचारूच नका. शत्रूच्या रडारच्या क्षितिजापर्यंत वरून जा, मग खाली या.

प्रश्न : जहाजांची रडार बंद ठेवायला सांगितलं होतं, तरी ती मधूनच चालू होतात. आणि बंद राहिली तर क्षेपणास्त्र अगदी अंगावर येईपर्यंत दिसत नाही. नेमकं करायचं काय? (नवी मुंबई)

उत्तर : दोन वेगळे प्रश्न आहेत. पहिल्याचं उत्तर कंट्रोल-एफ ९ने उघडणाऱ्या हुकमांच्या खिडकीत आहे. तिथं ‘हल्ला झाल्यास मौन मोडावं’ अशा अर्थाची ओळ आहे. ती ‘हो’ असेल तर पहिलं क्षेपणास्त्र दिसताच जहाज सगळं काही चालू करतं. बऱ्याचदा हे योग्यच असतं. याशिवाय हुकूम वारशाने उतरतात : पूर्ण बाजूचा हुकूम मिशनला, मिशनचा गटाला, गटाचा एकेका जहाजाला. खालच्या पातळीवर कुणी वेगळं काही लिहिलं असेल तर वरचा हुकूम तिथवर पोचतच नाही. तुम्ही बाजूच्या पातळीवर ‘रडार बंद’ म्हटलंत, पण गस्तीच्या मिशनमध्ये ‘गस्तीच्या पट्ट्यात रडार चालू’ अशी खूण राहिली, तर विमानं पट्ट्यात शिरताच ओरडायला लागणार. चारही पातळ्या वरून खाली एकदा तपासा. पाच मिनिटांचं काम आहे.

दुसरा प्रश्न पृथ्वीच्या गोलाईचा आहे. त्यावर शस्त्राने मात होत नाही, उंचीने होते. रडारच्या उंचीचं मीटरमधलं वर्गमूळ आणि लक्ष्याच्या उंचीचं वर्गमूळ यांची बेरीज करा, तिला ४.१२ने गुणा, की किलोमीटरमध्ये क्षितिज मिळतं. जहाजाचा अँटेना २५ मीटरवर, क्षेपणास्त्र लाटांवरून ४ मीटरवर : ५ अधिक २ म्हणजे ७, गुणिले ४.१२, म्हणजे सुमारे २९ किलोमीटर. ध्वनीपेक्षा किंचित हळू येणाऱ्या क्षेपणास्त्राला एवढं अंतर कापायला १०० सेकंद लागतात. ब्रह्मोससारखं ध्वनीच्या पावणेतीनपट वेगाचं, १० मीटरवरून आलं तर क्षितिज ३४ किलोमीटरच्या आसपास आणि तुमच्या हातात ३७-३८ सेकंद. जगातलं सगळ्यात महाग रडार लावलं तरी हे आकडे हलत नाहीत.

आता तेच रडार ३,००० मीटरवरच्या कामोव्ह-३१ हेलिकॉप्टरवर ठेवा. भूमितीचं क्षितिज २३० किलोमीटरच्या पलीकडे जातं. रडारची ताकद कमी पडून प्रत्यक्ष टप्पा बराच कमी मिळाला, तरी २९शी तुलनाच नको. म्हणून पद्धत अशी : जहाजं मुकी, आणि हवेत एक बोलका पहारेकरी. तो जहाजांच्या बरोबर डोक्यावर ठेवू नका. रडारची लहर जाऊन परत यावी लागते, शत्रूच्या कानाला ती एकदाच पोचली की पुरे. म्हणून शत्रू तुमचं रडार ऐकतो ते तुम्हाला तो दिसण्याच्या कितीतरी आधी. पहारेकरी आरमाराच्या वर घिरट्या घालत असेल तर शत्रूला पत्ताच दिल्यासारखं होतं. ५०-६० सागरी मैल बाजूला ठेवा.

त्यासाठी सपोर्ट मिशन वापरा. नकाशावर दोन संदर्भबिंदू ठेवा आणि ते मुख्य जहाजाशी ‘सापेक्ष’ करा. नाहीतर आरमार पुढे निघून जातं आणि पहारेकरी मागच्या रिकाम्या समुद्रावर इमानदारीने फेऱ्या मारत राहतो. ही चूक इतकी सर्रास होते की आरमार बुडालं की आधी हेच तपासावं.

याला इतिहासाचा दाखला आहे. ४ मे १९८२ रोजी फॉकलंडच्या युद्धात अर्जेंटिनाच्या दोन सुपर एतांदार विमानांनी खालून येत, क्षणभर वर उठून रडारने नेम धरला आणि दोन एक्झोसेट क्षेपणास्त्रं सोडली. त्यांतल्या एकाने ब्रिटिश विनाशिका शेफील्डचा बळी घेतला. २० जण गेले. त्या वेळी जहाजाचं उपग्रह-संपर्क यंत्र चालू होतं आणि त्यामुळे शत्रूचं रडार ऐकणारं यंत्र बहिरं झालं होतं. ब्रिटिश ताफ्यात हवेतून इशारा देणारं रडार-विमानही नव्हतं.

प्रश्न : हा खेळ मोबाईलवर किंवा साध्या लॅपटॉपवर चालतो का? इंटरनेटवरून मित्राशी खेळता येतो का? (लातूर)

उत्तर : मोबाईलवर नाही. विंडोज लागतं. महागडं ग्राफिक्स कार्ड घेऊ नका, पैसे प्रोसेसर, मेमरी आणि एसएसडीवर खर्च करा. हजारभर युनिटांच्या (जहाजं, विमानं वगैरे) प्रसंगात घड्याळ पंधरापट वेगाने पळवलं की ताण प्रोसेसरवर येतो. पडदा मात्र मोठा हवा. १४ इंची पडद्यावर खिडक्या एकमेकींच्या डोक्यावर बसतात. मित्राशी समोरासमोर खेळण्याची सोय नाही, संगणकाशीच दोन हात करायचे.

प्रश्न : शत्रूच्या विनाशिकेवर ८ क्षेपणास्त्रं सोडली, आठही पाडली गेली. पुन्हा ८, पुन्हा तेच. क्षेपणास्त्रं कमजोर आहेत का? (पुणे)

उत्तर : तुम्ही आठ सोडलीत, पण ती पोचली एकेक करून. रांगेत आलेली आठ म्हणजे बचाव करणाऱ्यासाठी आठ सोपे सराव. एकाच दहा सेकंदांत पोचलेली आठ म्हणजे खरा हल्ला.

बचाव कुठे तुंबतो ते आधी पाहा. डेटाबेस उघडून त्या जहाजाची अग्निनियंत्रण रडार, म्हणजे माऱ्यासाठी नेम धरणारी रडार, मोजा. अमेरिकेच्या आर्ली बर्क वर्गावर लक्ष्य उजळून दाखवणारी ३ रडार आहेत, टिकॉन्डेरोगा वर्गावर ४. जी क्षेपणास्त्रं शेवटच्या टप्प्यात त्या उजेडावर चालतात, त्यांच्या बचावाला तेवढीच मर्यादा. ज्यांच्या नाकातच रडार आहे, जसं बराक-८, त्यांना ही अडचण नाही. तिथं मर्यादा साठ्याची. मुंबईच्या माझगाव डॉकमध्ये बांधलेल्या विशाखापट्टणम वर्गाच्या विनाशिकेवर ३२ बराक-८ आणि १६ ब्रह्मोस असतात. प्रत्येक येणाऱ्या क्षेपणास्त्रावर २ सोडायची असा नियम ठेवला, की सोळाव्या लक्ष्यानंतर क्षेपणास्त्रांच्या नळ्या रिकाम्या. भर समुद्रात त्या पुन्हा भरता येत नाहीत. म्हणून स्वतः बचाव करत असाल तेव्हाही हा आकडा मनात हवा.

आता वेळ जुळवणं. समजा लक्ष्य १२० किलोमीटरवर आहे. एका बाजूने पी-८आय विमान हार्पून क्षेपणास्त्र सोडणार, दुसरीकडून विनाशिका ब्रह्मोस. हार्पून सेकंदाला साधारण ०.२७ किलोमीटर जातं, म्हणजे ४४४ सेकंद. ब्रह्मोस ०.९ धरा, म्हणजे १३३ सेकंद. फरक ३११ सेकंदांचा. हार्पून आधी सोडा, ५ मिनिटं १० सेकंदांनी ब्रह्मोस. घड्याळ एकपट वेगावर आणून हे करा. पंधरापट वेगात पाच मिनिटं वीस सेकंदांत निघून जातात, आणि बोट माउसवर असूनही वेळ चुकते.

एफ १ हा आपोआप मारा आहे. तो किती शस्त्रं टाकायची हे ‘वेपन रिलीज ऑथॉरिटी’च्या तक्त्यातून घेतो. लक्ष्याच्या प्रकारानुसार एका फैरीत किती, किती अंतरावरून आणि किती जणांनी मारायचं, हे त्यात लिहिलेलं असतं. मोठ्या हल्ल्याला शिफ्ट-एफ १ दाबून हाताने वाटप करा. आणि तो तक्ता खेळाच्या सुरुवातीलाच पाहून ठेवा. हवाई लढतीतली लांब पल्ल्याची क्षेपणास्त्रं कमाल अंतरावरून सुटतात, समोरचं विमान वळून पळतं आणि क्षेपणास्त्र हवेतच दमतं. टप्पा ७५ किंवा ५० टक्क्यांवर आणा, किंवा ‘सुटका नसलेला पट्टा’ निवडा. मारलेली क्षेपणास्त्रं कमी, पडलेली विमानं जास्त.

प्रश्न : कोकण किनाऱ्यासमोरच्या प्रसंगात माझ्या जहाजाने मासेमारी बोट बुडवली आणि गुण उणे झाले. ‘वेपन्स फ्री’ ठेवलं नाही तर शत्रूची छोटी जहाजं निसटतात. (रत्नागिरी)

उत्तर : ‘फ्री’चा अर्थ खेळ असा लावतो : मित्र म्हणून ओळख पटलेली नाही ना, मग मार. मच्छीमारांनी गजबजलेल्या पाण्यात तो हुकूम पाण्यावरच्या लक्ष्यांसाठी कधीच देऊ नये. हवेतल्यांसाठी ‘फ्री’, पाण्यावरच्यांसाठी ‘टाइट’, असं वेगवेगळं ठेवता येतं. ‘टाइट’मध्ये शत्रू म्हणून निश्चित झालेल्यावरच मारा होतो. ‘होल्ड’मध्ये तुम्ही हाताने सांगाल तेव्हाच.

मग उरतं ओळख पटवणं. रडारवर ट्रॉलर आणि क्षेपणास्त्र-नौका दोन्ही पिवळे ठिपकेच. खालची साधनं या क्रमाने वापरा : ठिपका कुठलं रडार वाजवतोय ते ऐका. साधं जहाजी रडार असेल तर अजून काहीच सिद्ध होत नाही, पण अग्निनियंत्रण रडार वाजलं तर विषय संपला. मग वेग पाहा, ३० नॉटने (ताशी ३० सागरी मैलांनी) कुणी जाळी ओढत नाही. शेवटी हेलिकॉप्टर पाठवा. इन्फ्रारेड कॅमेऱ्याने ते दुरून ओळखतं, त्यामुळे बोटीच्या माथ्यावर जायची गरज नसते. प्रत्येक ठिपक्याकडे हेलिकॉप्टर धाडू नका. ज्यांचा मार्ग तुमच्या आरमाराला छेदतो त्यांच्याकडेच.

प्रश्न : पाणबुडीशी कसं लढावं? माझी कलवरी वर्गाची पाणबुडी अर्ध्या वाटेत बॅटरी संपून रांगते, आणि शत्रूची पाणबुडी माझ्या फ्रिगेटला टॉर्पेडो लागेपर्यंत सापडत नाही. (मालवण)

उत्तर : माझगाव डॉकच्या या पाणबुड्या हवेशिवाय चालणाऱ्या प्रणालीविना, म्हणजे एआयपीविना बांधल्या. त्यामुळे बॅटरी हाच त्यांचा श्वास. बॅटरीचा खर्च वेगाच्या प्रमाणात वाढत नाही, त्याच्या कितीतरी पुढे धावतो. ४-५ नॉटने दिवस निघतात, पूर्ण वेगाने तासा-दीड तासात खेळ आटोपतो. पल्ल्याच्या प्रवासाला निघताना ‘फ्लँक’, म्हणजे कमाल वेग, दाबून विसरून जाणं ही नेहमीची चूक. हुकमांच्या खिडकीत बॅटरी किती टक्क्यांवर आली की भरायला वर यायचं ते ठरवता येतं, गस्तीसाठी वेगळं आणि हल्ल्यासाठी वेगळं. गस्तीत ६० टक्क्यांवर ठेवा. थोडं वापरा, थोडं भरा. १० टक्क्यांवर ठेवलं तर पाणबुडीला तासन् तास डिझेल इंजिन धडधडत, नळी पाण्याबाहेर काढून चालावं लागतं. हल्ल्यासाठी मात्र खालचा आकडा ठेवा, ऐन वेळी ती वर यायला नको.

शिकारीची बाजू वेगळी. पाण्यात काही खोलीवर तापमान झपाट्याने बदलतं, त्या थरावर आवाज वाकतो. जहाजाच्या तळाला लावलेलं सोनार (आवाजावरून पाण्यातलं शोधणारं यंत्र) थराच्या वरचंच ऐकतं, पाणबुडी थराखाली बसते. म्हणून पाण्यात सोडायचं सोनार किंवा सोनारचे तरंगते बोये थराच्या वर एक आणि खाली एक अशा जोडीने टाका. एकाच खोलीवर दहा टाकून अर्धा समुद्र ऐकायचा राहतो.

फ्रिगेटचा वेगही पाहा. १५ नॉटच्या वर स्वतःच्याच आवाजाने कान बंद होतात. धावा आणि थांबा : १५ मिनिटं २० नॉट, मग १० मिनिटं ५ नॉट आणि ऐकणं. हेलिकॉप्टरला पाण्याजवळ आणून, स्थिर करून सोनार बुडवायला लावा. संशयित जागेचा लांबोळा वेढा नकाशावर दिसतो. तो आवळत आणा. वेढा १० मैलांचा असताना टॉर्पेडो टाकला तर तो पाण्यात गोल गोल फिरून संपतो, आणि पाणबुडीला मात्र कुणीतरी वर आहे हे कळतं. दीड-दोन मैलांपर्यंत आला की टाका. गोव्याच्या आयएनएस हंसावरून उडणाऱ्या पी-८आयवर धातूमुळे होणारा चुंबकीय फरक टिपणारं यंत्र आहे, ते अमेरिकी पी-८एवर नाही. शेवटच्या पुष्टीला ते कामी येतं, शोधाला नाही. त्याचा टप्पा अगदी तोकडा.

लांबचा आवाज ठरावीक अंतरांवर पुन्हा वर येतो, अशा पट्ट्यांबद्दल आपण खोल महासागराच्या प्रसंगांत वाचलं असेल. मुंबईसमोर ते विसरा. तिथे किनाऱ्यापासून दोनशे किलोमीटरहून अधिक अंतरापर्यंत समुद्र उथळच आहे. उथळ पाण्यात तळाचा गोंगाट, लाटांचा गोंगाट आणि बोटींचा गोंगाट. डिझेल पाणबुडीला याहून चांगली जागा नाही. ९ डिसेंबर १९७१ला दीवसमोर पाकिस्तानच्या हंगोर पाणबुडीने आयएनएस खुकरी बुडवली. १८ अधिकारी आणि १७६ नौसैनिक गेले. त्या भागातला प्रसंग खेळायला घेतलात तर फ्रिगेटं सरळ रेषेत, मंद वेगाने आणि हेलिकॉप्टरविना चालवून पाहा, मग हेलिकॉप्टर देऊन पाहा. फरक कळेल.

प्रश्न : ४ डिसेंबर १९७१ची कराचीवरची चढाई, ‘ऑपरेशन ट्रायडेंट’, स्वतः प्रसंग म्हणून रचायची आहे. कुठून सुरुवात करू? (नागपूर)

उत्तर : विषय उत्तम, आणि आकाराने लहान, त्यामुळे पहिल्या रचनेला योग्य. खेळात दोन डेटाबेस आहेत. १९४६ ते १९७९चा शीतयुद्धाचा निवडा. दुसरा निवडलात तर १९७१च्या नौका सापडणार नाहीत, आणि मध्येच बदलणं म्हणजे सगळं पहिल्यापासून.

खेळाचं घड्याळ ग्रिनिच वेळेवर चालतं. पाकिस्तानची वेळ ५ तास पुढे, आपली साडेपाच. मारा पाकिस्तानी वेळेनुसार रात्री साडेदहानंतरचा, म्हणजे ग्रिनिच १७.३०. प्रसंग १४.३०ला सुरू केलात तर खेळणाऱ्याला जवळ जायला तीन तास मिळतात. भारतीय वेळ घालून ठेवली तर मारा पहाटे चारच्या सुमारास होईल, माघार दिवसाच्या उजेडात येईल आणि चढाईचा सगळा बेतच कोलमडेल : पाकिस्तानकडे रात्री समुद्रावर बॉम्बफेक करू शकतील अशी विमानं नव्हती, म्हणूनच वेळ रात्रीची होती.

दोन बाजू तयार करा आणि परस्परांबद्दलची भूमिका ‘शत्रू’ करा. ती मुळात तटस्थ असते. हे विसरलात तर निपात, निर्घात आणि वीर कराचीसमोर जाऊन नुसत्या उभ्या राहतील. या तिन्ही सोव्हिएत ओसा वर्गाच्या क्षेपणास्त्र-नौका. प्रत्येकीवर चार पी-१५ क्षेपणास्त्रं, एकूण १२. टप्पा ४० किलोमीटर, म्हणजे साधारण साडेएकवीस सागरी मैल. सोबत किल्तान आणि कच्छल या पाणबुडीविरोधी छोट्या युद्धनौका. समोर विनाशिका खैबर, सुरुंगशोधक मुहाफिज आणि व्यापारी जहाज व्हीनस चॅलेंजर. शिवाय किनाऱ्यावर केमारीच्या तेलटाक्या इमारत म्हणून ठेवा. व्यापारी जहाज पाकिस्तानच्या बाजूला घालायचं की तिसऱ्या तटस्थ बाजूला, हा तुमचा निर्णय. आमच्या मते तटस्थ दोन-तीन जहाजंही आसपास हवीत, नाहीतर रडारवर जे दिसेल ते मारायचं एवढंच उरतं. बारा क्षेपणास्त्रांत कुणावर किती, ही खरी पेचाची गोष्ट आहे. पी-१५चं नाक अगदी साधं, जवळचा मोठा प्रतिध्वनी धरून जातं.

पाकिस्तानी बाजू ‘फक्त संगणक चालवेल’ अशी ठेवा. नौदलाच्या गस्ती जहाजांना गस्तीचं मिशन द्या आणि विमानं तळावर राहू द्या. कसबाची पातळी नवखा ते एक्का अशी पाच पायऱ्यांची असते. दोन्ही बाजूंना मधली द्या, मग खेळून पाहून हलवा. गुणांसाठी घटना लिहा : ‘युनिट नष्ट झालं’ हे कारण, ‘गुण द्या’ ही कृती. खैबरला जास्त, मुहाफिजला त्याहून कमी, तटस्थ जहाजाला उणे, आणि आपली प्रत्येक नौका गेली तर मोठे उणे. या नौका माघारी येणं हाच बेताचा निम्मा भाग होता. त्यांचं इंधन थोडं असतं. ते पुरं भरून देऊ नका. पूर्ण वेगाने गेलं तर परत येता येऊ नये, इतकंच ठेवा.

पहिली फेरी स्वतः भारतीय बाजूने खेळू नका. प्रसंग रचण्याच्या एडिटरमध्ये सगळं दिसणारी दृष्टी चालू ठेवून पाकिस्तानी बाजूने बसा आणि घड्याळ पळवा. कोणतं जहाज मिशनविना घुटमळतंय, कुणाचं रडार बंदच राहिलं, ते पंधरा मिनिटांत उघडं पडतं. प्रत्येक बदलानंतर फाइल नव्या नावाने साठवा.

प्रश्न : इतकी बटणं पाहूनच उत्साह मावळतो. नवख्याने काय करावं? (सातारा)

उत्तर : सोबत दिलेले शिकवणीचे प्रसंग क्रमाने खेळा, मग ज्यात दहाच्या आत युनिटं आहेत असा एखादा घ्या. ब्रीफिंग दोनदा वाचा. पहिली दहा मिनिटं स्पेसबार दाबून घड्याळ थांबलेलंच ठेवा : साठा मोजा, हुकमांच्या चार पातळ्या पाहा, अंतरं मोजा. कळा पाठ करायच्या तर एफ १, एफ २, मार्ग आखायची एफ ३, हवाई तळाची एफ ६, सेन्सरची एफ ९ आणि मिशनची एफ ११, एवढ्या पहिल्या महिन्याला पुरतात. संदेशांच्या यादीत ‘नवा संपर्क’ आला की घड्याळ आपोआप थांबेल अशी सोय करून घ्या.